चार हातांची विहीर

साहेबांच्या विहिरीवर पहिल्या सकाळी झालेलं भांडण अगदी किरकोळ होतं. मिस्त्रीच्या घराच्या मानानं त्याला भांडण म्हणणंसुद्धा जरा जास्तच. मिस्त्रीनं बांबूची काठी तोडून पुढं धरली, धाकट्या भावानं ती डोळ्यांपुढून फिरवली आणि म्हणाला, "दादा, आखूड आहे."

"चार हात आहे."

"तुझे चार हात."

"मग काय शेजाऱ्याचे घेऊ?"

"शेजाऱ्याचे परवडले. तुझा हात कोपरापासून निघतो आणि वाटेतच बसतो."

यात खोटं काही नव्हतं. मिस्त्री अंगानं बुटका, रुंद, मानेचा पत्ता नसलेला; धाकटा ताडमाड उंच, बसला तरी उभा वाटणारा. एकाच आईची दोन मुलं, पण कापड दोन वेगळ्या दुकानांतलं. विहिरीचं माप धरायचं ते कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतच्या हातानं, आणि एका घरात असे दोन हात असल्यावर दर विहिरीला हा वाद ठरलेला. धाकट्याची बायको म्हणायची, दोघांनी मोजा आणि मधलं धरा. मिस्त्रीची बायको म्हणायची, मधलं कशाला, मागच्या विहिरीची काठी मी जपून ठेवलीय ती धरा. मिस्त्री म्हणायचा, ती उन्हानं आक्रसली असेल. धाकटा म्हणायचा, बांबू आक्रसत नाही, माणसं आक्रसतात. असं तासभर चाललं की एक काठी ठरायची, आणि मग विहीर पुरी होईपर्यंत तिच्यापुढं कुणी तोंड उघडायचं नाही.

काठीचं काम साधं होतं. विहिरीच्या तोंडावर आडवं लाकूड, त्याच्या बरोबर मध्यातून तळापर्यंत सोडलेला ओळंबा. काठीचं एक टोक ओळंब्याच्या दोरीला, दुसरं दगडाच्या तोंडाला. प्रत्येक दगड काठीला टेकला की विहीर आपोआप गोल होते. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडाला दगड रेटून धरतो. आणि तो धरतो ते फक्त विहीर गोल असते म्हणून. मिस्त्रीच्या हातच्या एकतीस विहिरी आजूबाजूला उभ्या होत्या. एकीचाही दगड हललेला नव्हता. हे तो स्वतः सांगायचा, आणि कुणी विचारायची वाट बघायचा नाही.

त्या सकाळी काठी ठरायच्या आतच साहेब आले. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची.

"काय झालं? कुणाला लागलं का?"

"नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. "काठी ठरवतोय."

साहेब एका कारखान्यात वरच्या जागेवर होते. निवृत्त झाल्यावर शांतता मिळावी म्हणून त्यांनी हा मळा घेतला होता, आणि दोन वर्षं पाऊस न झाल्यानं तिथं भलतीच शांतता झाली होती. बोअर आटली, झाडं वाळली, पाखरंसुद्धा दुसरीकडं राहायला गेली. आता खोदून तळ लागला होता, तळाशी गुडघ्याला लागेल इतकं झऱ्याचं पाणी होतं, आणि पाऊस यायच्या आत चहूबाजूंनी दगड बांधून घ्यायचा होता. उशीर झाला तर कडेचा मुरूम भिजून आत येणार आणि खोदलेलं सगळं बुजणार.

साहेबांनी खुर्ची उघडली, बसले आणि मिस्त्रीला म्हणाले, "मी सत्तावीस वर्षं माणसं सांभाळली. एकदाही कुणी माझ्यापुढं आवाज चढवला नाही. मी सांगायचो आणि सगळे म्हणायचे, बरोबर, साहेब. याला म्हणतात टीम."

"आणि कारखाना?" धाकटीनं विचारलं. ती धाकट्याची बायको. दगड निवडायचं काम तिचं, आणि तोच डोळा ती माणसांनाही लावायची.

"कारखाना बंद पडला," साहेब म्हणाले. "पण शेवटच्या दिवसापर्यंत वातावरण फार चांगलं होतं."

मग त्यांनी अट सांगितली. गावच्या पाणी समितीत ते होते. गावासाठी एक मोठी विहीर काढायची होती, आणि समितीच्या अध्यक्षांचं मन सिमेंटच्या तयार कड्या बसवणाऱ्या एका गड्याकडं ओढत होतं. साहेब मिस्त्रीसाठी शब्द टाकायला तयार होते. पण असा आरडाओरडा करणाऱ्या माणसांसाठी तो कसा टाकायचा? "माझी विहीर एकोप्यानं बांधून दाखवा. कुणी काही म्हणालं की आधी म्हणायचं, बरोबर. आवाज चढलेला ऐकू आला, तर मी इथंही कडीवाल्यालाच बोलावीन."

कड्या आल्या की दगडाचं काम गेलं. हल्ली तीन ठिकाणी तसं झालेलं मिस्त्रीनं डोळ्यांनी बघितलं होतं. गावची विहीर मिळाली तर दहा वर्षं कुणी कड्यांचं नाव काढणार नाही. नाही मिळाली तर ही बत्तिसावी शेवटची.

पण खरं सांगायचं तर त्याला आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. संध्याकाळी जेवायला बसताना त्यानं घरात जाहीर केलं, "ऐकलंत ना सगळ्यांनी? तीस वर्षं माझं डोकं खाल्लंत. आता जरा मला काम करू द्या. उद्यापासून कुणी आडवं बोलायचं नाही."

धाकट्यानं तोंड उघडलं. मिस्त्रीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"बरोबर, दादा," धाकटा म्हणाला.

ते ऐकून मिस्त्रीनं दोन घास जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बांधायला सुरुवात झाली. वेळ कमी, म्हणून दोघा भावांनी तळात पाठीला पाठ लावून एकेक बाजू घ्यायची ठरली. अर्धी गोलाई याची, अर्धी त्याची. म्हणजे काठ्या दोन लागणार. मिस्त्रीनं आपली तोडली आणि म्हणाला, "तूही तुझ्यासाठी चार हातांची तोड."

"बरोबर," धाकटा म्हणाला, आणि त्यानं कोपर बांबूवर टेकवून चार हात मोजले. चार हात म्हणजे चार हात. त्यात विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वर कप्पीवर थोरली उभी. थोरली म्हणजे मिस्त्रीची बायको; दोर ओढून ओढून तिचे तळवे घोड्याच्या खुरासारखे झाले होते. ती दगड खाली सोडायची, धाकटी ढिगातून निवडून द्यायची. एरवी धाकटी दर चौथा दगड बाजूला फेकायची, "हा पिचलेला आहे, मी नाही पाठवत", आणि मिस्त्री खालून तिच्या डोळ्यांचा उद्धार करायचा. आता तो "पाठव" म्हणाला की दगड यायचा. पिचलेला, वाकडा, एका अंगानं भुसभुशीत, जो हाताला लागेल तो. काम असं सरसर चाललं होतं की मिस्त्रीला वाटलं, ही तीस वर्षं आपण काय झक मारली!

पहिला थर दुपारी पुरा झाला. जिथं दोघांच्या भिंती एकमेकींना भेटायला हव्या होत्या, तिथं दोन्हीकडं वीतभराचं अंतर पडलं होतं. मिस्त्रीनं ते बघितलं. धाकट्याचं चुकलंय हे त्याला तत्क्षणी कळलं. पण बोलायचं म्हणजे आवाज चढणार, आणि वर साहेबांची खुर्ची होती. त्यानं मुकाट्यानं आपले शेवटचे तीन दगड थोडे मागं सारले. मग पाणी प्यायला वळला. धाकट्यानं वळून बघितलं. दादाचं चुकलंय हे त्यालाही तत्क्षणी कळलं, आणि त्यानंही मुकाट्यानं आपले तीन दगड पुढं ओढले. मिस्त्रीनं परत बघितलं तेव्हा अंतर नाहीसं झालं होतं.

"जमलं की," तो म्हणाला.

"बरोबर," धाकटा म्हणाला.

अशा समजूतदारपणानं थरावर थर चढत गेले. ज्या दोन जागी समजूतदारपणा जास्त होता, तिथं भिंत वाकायची सोडून सरळ निघाली.

वरून साहेब रोज विचारायचे, "कसं चाललंय?" खालून दोघं एका सुरात सांगायचे, "बरोबर, साहेब!" साहेब कप बशीत टेकवून समाधानानं मान हलवायचे. मिस्त्रीनं कधी वर बघितलं तर दोघी जावा काठावरून वाकून विहिरीत बघताना दिसायच्या. मग एकमेकींकडं बघायच्या. मग दोघींचे हात तोंडावर जायचे. त्याला वाटायचं, काम बघून भारावल्या आहेत.

घरातही तेच. एका दुपारी तो म्हणाला, "भाजीत मीठ जास्त झालंय."

"बरोबर," थोरली म्हणाली.

एरवी तिनं त्याच्या जिभेची, त्याच्या आईच्या हातच्या स्वयंपाकाची आणि त्या स्वयंपाकानं दगावलेल्या पाहुण्यांची आठवण काढली असती, आणि तेवढ्यात त्याची भाजी खाऊन संपली असती. आता तिनं मान हलवली आणि शांतपणे जेवत राहिली. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं.

"आज मीठ नाही."

"बरोबर."

तो तिच्या तोंडाकडं बघत बसला. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. जणू तो एखाद्या खिडकीशी बोलत होता.

आठव्या दिवसापासून त्याला जेवण जाईना. तीस वर्षं दुपारी त्याला वाघासारखी भूक लागायची, ती ओरडून लागायची हे त्याला आत्ता समजलं. दगड लावताना हात अडखळू लागला. एक दगड लावायचा, तो बसला आहे असं वाटायचं, मग कुणीतरी "हलतोय की तो" असं म्हणायची वाट बघत तो क्षणभर थांबायचा. कुणी म्हणायचं नाही. मग तोच दगड हलवून बघायचा. मग तो हलला तो आपण हलवल्यामुळं की मुळातच हलत होता, ते कळायचं नाही. मान खाजवून खाजवून त्याच्या कातडीवर वळ उठले.

दहाव्या दिवशी जेवणं झाल्यावर सगळे विहिरीजवळच्या सावलीत टेकले होते. मिस्त्री म्हणाला, "मी काय म्हणतो, उद्या ही विहीर दोन हात डावीकडं सरकवू."

धाकटा दात कोरत होता. "सरकवू की."

"डावीकडंच चांगली," धाकटी म्हणाली.

"मला काय," थोरली म्हणाली, "दोर लांब आहे."

मिस्त्रीनं खुर्चीकडं बघितलं. साहेब खूश होऊन हसत होते. "बघा," ते म्हणाले, "निर्णय किती झटपट होतात!"

भर उन्हात मिस्त्रीच्या अंगावर काटा आला.

अकराव्या दिवशी अकरावा थर चालू असताना तो एकाएकी हातातली काठी ठेवून शिडीनं वर आला. काम चालू असताना वर यायची त्याची पद्धत नव्हती. तीस वर्षं वरून बघायचं काम बायकांचं, बांधायचं काम आपलं, अशीच वाटणी होती; जेवायला वर आला तरी तो मागं वळून बघायचा नाही. काठावर उभा राहून त्यानं खाली बघितलं. तळात धाकटा पायऱ्यांसारख्या रचलेल्या दगडांवर बसून पाणी पीत होता. आणि त्याच्याभोवती जी विहीर होती ती एका अंगाला फुगलेली, दुसऱ्या अंगाला आवळलेली आणि दोन्ही कुशींना चपटी, अशी होती. कोंबडीनं घाईत घातल्यासारखी.

"अगं," तो थोरलीला म्हणाला, "ही गोल आहे का?"

"तुम्ही म्हणाल तशी."

"मी म्हणालो गोल आहे, तर?"

"तर गोल."

"आणि मी म्हणालो अंड्यासारखी आहे?"

"तर अंड्यासारखी."

"मी म्हणतो ते सोड. तुला काय दिसतंय?"

थोरलीनं खुर्चीकडं बघितलं. "मला बोलायची बंदी आहे."

"कुणी घातली?"

"तुम्ही."

बाजूलाच साहेब बसले होते. त्यांच्यादेखत आवाज चढला की गावची विहीर गेली, ही विहीरही गेली, हे मिस्त्रीला चांगलं माहीत होतं. त्यानं एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा त्या अंड्याकडं, आणि बायकोपुढं हात जोडले.

"भांड माझ्याशी."

"आत्ता?"

"आत्ता."

थोरलीनं हातातली रिकामी पाटी खाली ठेवली, दोर खुंटीला गुंडाळला, तळवे पुसले. "एकेक दिवसाचं घेऊ की अकरा दिवसांचं एकदम?"

आणि तिनं सुरुवात केली. अंडं? अंडं तरी निदान दोन्हीकडं सारखं असतं! पहिल्या थरापासून ही बाई वरून बघतेय की एक भाऊ पुढं जातोय आणि एक मागं, आणि दोघं नवरीसारखे लाजून एकमेकांना वाट देतायत! दगड पाठव म्हणालात, पाठवला. पिचलेला आहे का, विचारलंत? डोळे कुठं होते? पाठीला पाठ लावून बसलात, मग डोळे काय पाठीला होते? तिनं मिठाचं काढलं, त्याच्या आईचं काढलं, आणि सातव्या विहिरीच्या वेळी तिनं अडवलं नसतं तर विहिरीलाच दार ठेवलं असतंत, तेही काढलं. धाकटी मधेच, "अक्का, मुरमाचं सांगा, मुरमाचं!" मग धाकटीच म्हणाली, "भाऊजी, त्या कुशीला मागून भरलेला मुरूम दाबतोय. परवापासून दोन दगडांतून भुकटी गळतेय!"

"मग बोलली का नाहीस?"

"बरोबर म्हणायचं होतं ना!"

मिस्त्रीला इतकं बरं वाटत होतं की त्याचे डोळे पाणावले. "माझ्या आईचं नाव काढू नकोस!" तो ओरडला, आणि आवाज असा निघाला की रिकामी बोअरसुद्धा घुमली.

खालून धाकट्यानं विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"तुमच्या भावानं भांडायला परवानगी दिलीय!"

धाकट्यानं पाण्याचा डबा तिथंच ठेवला. विहिरीच्या तळातून भांडण नीट होत नाही. मान वर करून बोललं की माणूस खालचाच वाटतो. तो दोन्ही काठ्या घेऊन शिडीच्या दोन दोन पायऱ्या ओलांडत वर आला आणि दम न घेता म्हणाला, "दादा, तुझी बाजू पहिल्या दिवसापासून आत येतेय!"

"माझी आत येतेय की तुझी बाहेर जातेय? किती हाताची तोडलीस?"

"चार!"

"दाखव!"

दोन्ही काठ्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. मधे वीतभर फरक. चौघांनीही वाकून बघितलं. साहेबसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आले.

"चार हात," मिस्त्री म्हणाला.

"चार हात," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. मोठा नव्हता, गोणीतून कुणी धान्य ओतावं तसा. मग एक धप्प, मग पाठोपाठ कितीतरी. पूर्वेकडची चपटी कूस आत आली होती. मुरूम, पिचलेले दगड, चांगले दगड, सगळं मिळून तळात गेलं आणि पाण्याचा एक शिंतोडा वरपर्यंत येऊन साहेबांच्या कपात पडला. धूळ खाली बसली तेव्हा पाण्याचा डबा दिसत नव्हता. डबा ठेवला होता ती जागाही दिसत नव्हती.

मिस्त्रीनं न बघता हात लांब केला आणि धाकट्याचं मनगट पकडलं. ते तिथं आहे याची खात्री झाल्यावरही त्यानं सोडलं नाही. धाकटी मटकन खाली बसली होती. थोरलीनं तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं होतं.

"तू वर कशाला आलास?" मिस्त्रीनं विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"भांडायला," धाकटा म्हणाला.

मग धाकटा हळूच म्हणाला, "माझ्या चपला खाली राहिल्या."

"चपला घालून तळात उतरतोस?" मिस्त्री गरजला. "किती वेळा सांगितलं तुला—" आणि त्यानं ते मनगट दोनदा नुसतं हिसडलं.

साहेब कपात बघत उभे होते. "मलाही ती पहिल्या आठवड्यापासून जरा लांबट वाटत होती," ते म्हणाले.

चौघांनी त्यांच्याकडं बघितलं.

"मग बोलला का नाहीत?" थोरलीनं विचारलं.

"वातावरण बिघडलं असतं," साहेब म्हणाले. आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं, तशी त्यांनी कपातला चहा ओतून टाकला.

मिस्त्रीनं घाम पुसला. "साहेब, आता ही सगळी काढावी लागेल. काढून पुन्हा बांधायची. आणि पुन्हा बांधताना आवाज चढणार. चालत नसेल तर खुशाल कडीवाल्याला बोलवा. मी गप्प बसून आता एक दगड लावणार नाही."

साहेबांनी विचार केला. "कितपत चढेल?"

"नेहमीइतका."

साहेबांनी खुर्ची उचलली आणि वीस पावलं मागं नेऊन ठेवली. कडीवाल्याला मात्र बोलावलं नाही.

चार दिवस नुसतं उतरवण्यात गेले. पहार घालायची, दगड सोडवायचा, दोराला बांधायचा, थोरलीनं ओढायचा. लावायला जेवढी ताकद लागली त्याच्या दुप्पट काढायला लागली. कंबर संध्याकाळी सरळ व्हायला मागायची नाही. आजूबाजूची माणसं बघायला यायची. कुणी विचारायचं, "मिस्त्री, पिल्लू निघालं का?" कुणी म्हणायचं, "राहू द्यायची होती, अंड्यातलं पाणी गोड लागतं." मिस्त्री मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मान खाली असल्यामुळं त्याच्या डोक्यात एकतीस विहिरींचा हिशोब सुरू झाला, आणि तो काही केल्या थांबेना. सातवी थोरलीनं अडवली होती. बाराव्या विहिरीच्या वेळी धाकटा तीन दिवस कामावर आला नव्हता, मिस्त्रीनं मागं मातीचं भरण घालू नये म्हणून. शेवटी मुरूमच घातला. एकोणिसाव्या विहिरीचे निम्मे दगड धाकटीनं परत पाठवले होते. त्यानं आपली एकट्याची, कुणी हात न लावलेली, कुणी नाही न म्हटलेली विहीर कुठली ते शोधून बघितलं. एक सापडली. ती आत्ता तो पहारीनं काढत होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. फक्त पाचव्या दिवशी नवी काठी तोडायची वेळ आली तेव्हा तो बांबू घेऊन तिघांच्या मधे बसला आणि म्हणाला, "हं. सुरू करा."

दीड तास लागला. मग काम चालू झालं ते असं, की एक दगड बसेपर्यंत तिघांचं काही ना काही म्हणणं असायचं. मिस्त्री शिव्या घालायचा, दगड काढायचा, पुन्हा लावायचा. कधी त्याचंच बरोबर निघायचं. तेव्हा तो दिवसभर ते ऐकवायचा. एकदा साहेब लांबून ओरडले, "मिस्त्री, मला वाटतं तो उजवीकडचा दगड पुढं आलाय!" मिस्त्री शिडी चढून वर आला, साहेबांना काठावर नेलं, आणि दोघांचं अर्धा तास जुंपलं. दगड जागेवरच होता. साहेब सपशेल हरले. घाम पुसत, केस विस्कटलेले असे ते खुर्चीवर परत गेले, आणि त्या दिवशी त्यांनी कामवाल्या बाईला दोनदा वाढायला लावलं म्हणे.

आकाशात ढग जमू लागले होते तेव्हा भिंत तोंडापासून दोन थर खाली होती. त्या दुपारी पाणी समितीचे अध्यक्ष दोन माणसं घेऊन आले. जाडजूड, कमी बोलणारे गृहस्थ. ते आले तेव्हा धाकटा आणि थोरली कठड्याच्या उंचीवरून हातघाईवर आले होते, आणि कुणाचं त्यांच्याकडं लक्षच गेलं नाही. अध्यक्षांनी स्वतःच शिडीनं उतरून पहार मागितली. पूर्वेच्या कुशीत, एका दगडाच्या फटीत टोक घालून त्यांनी अंगाचा भार टाकला. चेहरा लाल झाला. दगड होता तिथंच. दुसऱ्या जागी बघितलं. तिथंही तेच. मग धापा टाकत वर आले.

"पडली होती म्हणे," ते म्हणाले.

नाही म्हणायला मिस्त्रीचं तोंड शिवशिवत होतं. "पडली होती," तो म्हणाला.

"आता?"

"आता नाही पडणार."

"कशावरून?"

"हे तिघं मला रोज सांगतायत की पडेल. जिथं जिथं पडेल म्हणाले, तिथं तिथं काढून पुन्हा लावलीय. आता त्यांना बोलायला जागा उरली नाही, म्हणून कठड्यावर चाललंय."

अध्यक्षांनी विहिरीत बघितलं, कठड्याकडं बघितलं, मग वीस पावलांवर बसलेल्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी लांबून, जरा जास्तच जोरात ओरडून सांगितलं, "कड्यांपेक्षा चांगली आहे! पटत नसेल तर माझ्याशी बोला!"

अध्यक्षांनी खिशातून एक घडी घातलेला कागद आणि पेन काढलं. "मोठ्या विहिरीसाठी एक नाव लिहावं लागतं," ते म्हणाले. "तुमच्यात मिस्त्री कोण?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता; विचारायच्या आधीच तो सांगून टाकायचा. त्यानं भिंतीकडं बघितलं.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "असा एक कुणी नाही आमच्यात."

"नाही कसा?" थोरली धाकट्याला तिथंच टाकून पुढं आली. "हेच मिस्त्री. लिहा."

"अगं, मी सांगतोय ना यांना—"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं? लिहा हो तुम्ही."

"दादा, उगाच वाद घालू नकोस," धाकटा म्हणाला.

"भाऊजींना काही विचारूच नका," धाकटीनं अध्यक्षांना सांगितलं. "नाव मी सांगते."

मिस्त्रीनं आपली बाजू बरीच लावून धरली. हातवारे केले, आवाज चढवला, दोनदा कागद मागून घ्यायचा प्रयत्न केला. पण ते तिघं आणि हा एकटा. त्याचं काही चाललं नाही.